खाल्ल्या मिठाला जागणारे

पावसाळ्यात कुणाचं पोट बिघडलं, अंग मोडून आलं, की घरातलं जुनं माणूस म्हणतं, ‘मोडशी झालीय, दुसरं काही नाही.’ मग सुंठ, लिंबू, मीठ असे घरचे उपाय होतात आणि दोन दिवसांत माणूस कामाला लागतो. आज इतका साधा वाटणारा हा शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी ऐकणाऱ्याच्या काळजात धडकी भरवत असे. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी द्रव्यांवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात एका आजाराचं वर्णन आहे. उलट्या आणि जुलाब सुरू होतात, नाडी बुडते, डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात आणि धडधाकट माणूस एका दिवसात संपतो. इथले लोक या आजाराला ‘मोर्शी’ म्हणतात, अशी नोंद ओर्ताने केली. ही आपलीच मोडशी. पोर्तुगिजांच्या तोंडी तिची ‘मोर्देशी’ झाली आणि फ्रेंचांच्या कानांनी ती ‘मोर द शियँ’ अशी ऐकली. त्यांच्या भाषेत याचा अर्थ कुत्र्याचं मरण.

मूळ शब्द मात्र ‘मोडणे’ या क्रियापदातून आला. सकाळी शेतावर गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत वाळक्या काटकीसारखा मोडून पडतो, हे पाहिलेल्या लोकांनी दिलेलं ते नाव होतं. पुढे ‘मोडशी’ सौम्य झाली आणि त्या जीवघेण्या आजाराला आपण ‘पटकी’ म्हणू लागलो. गावाच्या वेशीवर मरीआईचं ठाणं असायचं ते मुख्यतः हिच्या भीतीने. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेत पटकी पुन्हा पुन्हा शिरली. वारीला निघालेल्या माणसाचा निरोप घेताना घरच्यांच्या डोळ्यांत पाणी येई, त्यामागे हेही एक कारण होतं.

माणसाच्या आत नेमकं काय मोडतं? या प्रश्नाचं उत्तर मिळायला १८३१ पासून १९७१ पर्यंतची वर्षं लागली. शोध चालला होता आतड्याच्या आजाराचा, पण वाट पुन्हा पुन्हा पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना असलेल्या, मुठीएवढ्या दोन अवयवांपाशी येत राहिली. पटकीच्या इतिहासात मूत्रपिंडांचं नाव फारसं घेतलं जात नाही. ते घेतलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

संदरलंडमधलं रक्त

१८१७ च्या पावसाळ्यात बंगालमधल्या जेसोर भागात पटकी उसळली. आजवर आपल्या मुलखात येऊन-जाऊन असलेला हा आजार त्या वर्षी प्रवासाला निघाला. नोव्हेंबरात पेंढारी आणि मराठ्यांवरच्या मोहिमेसाठी बुंदेलखंडात तळ देऊन बसलेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेत तो शिरला. शिपाई, बैलवाले, बाजारबुणगे सगळेच पटापट पडू लागले आणि अखेर तळ हलवावा लागला. पुढच्या वर्षी पटकी मुंबई इलाख्यात आली. काही वर्षांच्या विश्रांतीनंतर तिची दुसरी लाट रशियामार्गे युरोपात गेली आणि १८३१ च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या संदरलंड बंदरात उतरली.

त्या वेळी डॉक्टरांचा मुख्य उपाय रक्त काढणं हा होता. पटकीच्या रोग्याचं रक्त डांबरासारखं काळं आणि दाट झालेलं असे. शीर कापली तरी ते धड वाहत नसे. हे दूषित रक्त बाहेर गेलं की माणूस सुधारेल, अशी समजूत होती. शिवाय पाऱ्याची औषधं, अफू, रेचकं, अंगावर तापलेल्या विटा. आधीच जुलाबांनी रिकाम्या होत चाललेल्या माणसाला आणखी रिकामं करण्याचा हा प्रकार शहाणी माणसं सद्‌हेतूने करत होती.

त्या डिसेंबरात विल्यम ओशॉनेसी नावाचा बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर संदरलंडला गेला. तो लिमरिकचा, शिकलेला एडिंबरात आणि रसायनशास्त्रात मुरलेला. त्याने रोग्यांचं रक्त घेतलं आणि ते तोललं, आटवलं, जाळून राख केली, राखेतले क्षार मोजले. निष्कर्ष त्याने ‘लॅन्सेट’ नियतकालिकाला कळवले. रक्तातलं पाणी मोठ्या प्रमाणात गेलेलं आहे. मीठ आणि इतर क्षार घटले आहेत. रक्तात एरवी असणारा सोडा काही रोग्यांत अगदीच थोडा उरला आहे, काहींत तर सापडतच नाही. रक्तातून हरवलेले हे सगळे पदार्थ रोग्याच्या भाताच्या पेजेसारख्या पांढुरक्या जुलाबांत मिळतात. आणि ज्यांची लघवी बंद पडली आहे, त्यांच्या रक्तात युरिया साठलेला आहे.

या चार-पाच वाक्यांत पुढच्या दीडशे वर्षांचं शास्त्र दडलेलं होतं. पाणी गेलं, मीठ गेलं, रक्ताचा आंबटपणा रोखून धरणारा सोडा गेला आणि मूत्रपिंडांचं काम थांबलं. एका तरुणाने तराजू आणि काचपात्रांच्या जोरावर ही सगळी साखळी हाती धरली होती. जे गेलं आहे ते, म्हणजे कोमट पाणी आणि क्षार, शिरेतून परत द्यावं, असंही त्याने सुचवलं.

लीथमधली म्हातारी

ते करून पाहण्याचं धाडस टॉमस लॅटा या डॉक्टरने केलं. १८३२ च्या मे महिन्यात, एडिंबराजवळच्या लीथ बंदरात. त्याची पहिली रोगी एक वृद्ध बाई होती. सगळे उपाय थकले होते. नाडी लागत नव्हती, शेवटच्या घटका चालल्या होत्या. लॅटाने तिच्या दंडातल्या शिरेत नळी घातली आणि मीठ व सोडा विरघळवलेलं कोमट पाणी हळूहळू सोडायला सुरुवात केली. कितीतरी वेळ काहीच फरक दिसेना. तो नेटाने देत राहिला. मग तिचा धापा टाकणारा श्वास निवळला. बसलेल्या गालांवर आणि खोल गेलेल्या डोळ्यांत जीव आला. मनगटाशी नाडी लागली, ती भरत गेली, गार पडलेले हातपाय उबदार झाले. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे सुमारे तीन लिटर पाणी गेलं आणि ती बाई स्वच्छ आवाजात म्हणाली की, आता मला काही त्रास नाही, थोडी झोप मिळाली की झालं.

लॅटा थकला होता. बाईला रुग्णालयातल्या डॉक्टरच्या हवाली करून तो विश्रांतीला गेला. जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या. शिरेतून पुन्हा पाणी कुणी दिलं नाही. साडेपाच तासांत ती गेली.

लॅटाने हे काहीही न लपवता लिहून कळवलं. पुढच्या रोग्यांना त्याने पुन्हा पुन्हा पाणी दिलं आणि त्यांतले काही वाचलेही. पण उपचार बहुतेकदा मरणाच्या दारात पोचलेल्यांनाच मिळत होता. पाणी आणि नळ्या निर्जंतुक करायच्या असतात, हे कुणाला माहीत नव्हतं. किती द्यायचं आणि कधी थांबायचं याला माप नव्हतं. साथ ओसरली, पुढच्याच वर्षी लॅटा वारला. ओशॉनेसी कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानभर तारयंत्राच्या तारा ओढणारा माणूस म्हणून नावाजला. कलकत्त्याची तार मुंबईला जोडली गेली ती त्याच्याच देखरेखीखाली. पटकीच्या देशात तो अनेक वर्षं राहिला, पण त्याने संदरलंडमध्ये मांडलेला हिशेब पुढची पाऊणशे वर्षं कुणी नीट उघडून पाहिला नाही.

कोंडलेली लघवी

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात लिओनार्ड रॉजर्स पटकीच्या रोग्यांना पुन्हा सलाईन देऊ लागला. त्याने मिठाचं प्रमाण वाढवलं. रक्त किती दाट झालं आहे ते मोजून त्याप्रमाणे पाणी द्यायची रीत बसवली. पूर्वी शंभरातले साठेक रोगी दगावत, ते प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. लॅटाला जे माप मिळालं नव्हतं ते आता मिळालं होतं.

पण रॉजर्सच्या वॉर्डात एक नवं दुःख दिसू लागलं. रोगी पहिल्या दिवसाच्या तडाख्यातून उठे, नाडी भरे, जुलाब थांबत, घरचे सुटकेचा श्वास सोडत. लघवी मात्र होत नसे. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. रोगी सुस्तावे, श्वास खोल आणि जोरजोरात चाले आणि आतड्याचा आजार बरा झालेला माणूस लघवी कोंडून मरे. तेव्हापासून पटकीच्या वॉर्डात सकाळच्या फेरीचा पहिला प्रश्न एकच झाला, ‘लघवी झाली का?’

या प्रश्नाचा माग फिलिपाइन्समध्ये लागला. मनिलाच्या प्रयोगशाळेत अँड्र्यू सेलार्ड्स या अमेरिकन डॉक्टरने १९१० साली एक साधी परीक्षा योजली. धडधाकट माणसाने पाचेक ग्रॅम खाण्याचा सोडा घेतला की थोड्याच वेळात त्याच्या लघवीचा आंबटपणा जातो आणि लाल लिटमस निळा होतो. शरीराला नको असलेला सोडा मूत्रपिंडांनी बाहेर टाकला, एवढाच त्याचा अर्थ. पटकीच्या रोग्यांना सेलार्ड्सने तेवढाच सोडा दिला. लिटमस बदलला नाही. दुप्पट दिला, चौपट दिला, त्याहून कितीतरी जास्त दिला तरी लघवी आंबटच. शरीरात सोड्याचा इतका दुष्काळ पडला होता की, मूत्रपिंडं त्याचा कणही बाहेर जाऊ देत नव्हती.

ओशॉनेसीला रक्तात जो सोडा सापडला नव्हता, त्याची ही दुसऱ्या टोकाने मिळालेली साक्ष होती. पटकीत रक्त आंबट होतं, आणि त्यासाठी मिठाच्या पाण्याबरोबर सोडाही द्यायला हवा, हे आता नक्की झालं. रॉजर्सने कलकत्त्यात सलाईनबरोबर सोडा द्यायला सुरुवात केली आणि लघवी कोंडून होणारे मृत्यू घटले. सेलार्ड्स अमेरिकेला परतला तेव्हा ही परीक्षा त्याने मूत्रपिंडाच्या जुन्या आजारांनी पिडलेल्यांवर केली. त्यांना जुलाब नव्हते, काही नव्हतं. तरी त्यांचंही शरीर सोडा असाच शोषून घेत होतं. म्हणजे मूत्रपिंड आजारी पडलं की रक्त आपोआप आंबट होत जातं. रक्ताचा आंबटपणा रोखणं हे मूत्रपिंडाचंच काम आहे, ही गोष्ट रोग्यांच्या खाटेशी कळली ती पटकीच्या वॉर्डातून निघालेल्या वाटेने.

बेडकाच्या मूत्रपिंडातला थेंब

मूत्रपिंड हे काम करतं कसं? लघवी ही गाळून टाकलेली घाण आहे आणि मूत्रपिंड ही तिची चाळणी आहे, ही समजूत फार जुनी होती. फिलाडेल्फियात आल्फ्रेड रिचर्ड्स आणि जोसेफ वर्न यांनी १९२० च्या दशकात या चाळणीतच हात घातला. बेडकाच्या मूत्रपिंडात केसासारख्या रक्तवाहिन्यांचे सूक्ष्म गुच्छ असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, केसाहून बारीक काचेच्या नळीने त्यांनी एका गुच्छाभोवतीच्या पिशवीत टोचलं आणि तिथे नुकतंच गाळलं गेलेलं पाणी थेंबाच्याही अंशाने उचललं. त्या थेंबात मीठ होतं, साखर होती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत मात्र यांतलं जवळपास काहीच नव्हतं.

या प्रयोगाचा अर्थ फार मोठा आहे. मूत्रपिंड आधी जवळजवळ सगळंच बाहेर काढून ठेवतं आणि मग हवं ते एकेक करून परत आत घेतं. घर आवरताना आपण कपाट पूर्ण रिकामं करतो, सगळं जमिनीवर मांडतो आणि ठेवायचं तेवढंच परत लावतो, तसं. आपल्या दोन मूत्रपिंडांचं वजन मिळून तीनशे ग्रॅमच्या आसपास, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी ती गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात. त्या पाण्याबरोबर एक किलोहून जास्त मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या मापाने साडेतीनशे ग्रॅम सोडा रोज रक्ताबाहेर येतो आणि रोज परत आत जातो. मिठाचा जेवढा भाग लघवीतून जातो, तो साधारणपणे आपण त्या दिवशी खाल्लेल्या मिठाएवढा असतो. सोडा तर जवळपास पूर्णच परत घेतला जातो.

एवढ्यावर भागत नाही. डाळ, दूध, मांस, धान्य पचवताना शरीरात रोज काही आम्लं तयार होतात. त्यांना निष्प्रभ करण्यात सोडा खर्च होतो. खर्च झालेला सोडा नव्याने तयार करण्याचं कामही मूत्रपिंडांचंच. गाळलेलं पाणी ज्या बारीक नळ्यांतून वाहत जातं, त्यांच्या पेशी आम्लाचे कण नळीत ढकलतात. तिथे अमोनिया आणि फॉस्फेट त्या कणांना उचलून लघवीबरोबर नेतात आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक कणामागे सोड्याचा एक नवा कण रक्तात जमा होतो. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट पिट्स यांच्या १९४० च्या दशकातल्या प्रयोगांनी हे ढकलणं नक्की केलं. जमेची आणि खर्चाची बाजू रोज जुळवली जाते म्हणून रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो. पोटॅशियमचंही तसंच. ते थोडं चढलं किंवा उतरलं तरी हृदयाची लय बिघडते. त्याची पातळी अखेर हीच नळ्यांची जाळी सांभाळते.

आता पटकीकडे पुन्हा पाहू. जोराची पटकी झालेल्या मोठ्या माणसाचं एका तासात लिटरभर पाणी जाऊ शकतं. त्या पाण्यात मीठ असतं, पोटॅशियम असतं आणि रक्तात असतो त्याच्या जवळपास दुप्पट तीव्रतेचा सोडा असतो. दहा लिटर जुलाबांतून जाणारा सोडा हा रक्तात आणि पेशींभोवतालच्या पाण्यात मिळून असलेल्या सगळ्या साठ्याहून जास्त भरतो. अशा वेळी मूत्रपिंडांनी धावून यायचं, तर त्यांना रक्तच मिळत नाही. रक्त आटल्यावर शरीर हृदय आणि मेंदू वाचवायला निघतं आणि मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या वाहिन्या आवळून धरतं. गाळणं थांबतं, लघवी थांबते. नवा सोडा तयार होत नाही, आम्ल साचत जातं, युरिया वाढत जातो. फुप्फुसं जोरजोरात श्वास घेऊन आंबटपणा कमी करू पाहतात. लॅटाच्या रोग्यांची धाप ही तीच. माणूस मोडतो तो इथे.

खाटेखालची बादली

या ज्ञानाला काट्याकाट्याने मोजण्याची शिस्त आली ती ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत आणि कलकत्त्याच्या रुग्णालयांत, १९६० च्या दशकात. त्याच्या थोडं आधी, १९५९ साली, कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी पटकीचे जंतू एक विष तयार करतात आणि त्या विषामुळे आतडं पाणी सोडतं, हे दाखवून दिलं. आतडं फाटत नाही, कुजत नाही. ते फक्त झरत राहतं. झरणं काही दिवसांत आपोआप थांबतं. तोवर माणसाला तगवलं की तो वाचतो.

ढाक्याच्या वॉर्डातली खाट पाहण्यासारखी असे. रोग्याच्या कमरेखाली कापडात गोल भोक, त्याला लावलेली घसरण आणि खाली खुणा केलेली बादली. जुलाब बादलीत मोजायचे, लघवी वेगळी मोजायची आणि दर काही तासांनी जेवढं गेलं तेवढं द्यायचं. या साध्या खाटेवर उपचाराचा सगळा हिशेब उघड्यावर आला.

प्रश्न उरला होता सुईचा. शिरेतून द्यायचं सलाईन महाग, जड, निर्जंतुक बाटल्यांत भरलेलं, आणि पटकी येते ती जिथे बाटल्या पोचत नाहीत अशाच गावांत. तोंडाने मीठ-पाणी दिलं तर ते आतड्यात शोषलं जात नाही, असा अनुभव होता. कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ साली १८६ रोग्यांना मीठ आणि ग्लुकोज घातलेलं पाणी तोंडाने देऊन बरं केल्याचं लिहिलं होतं, पण त्याची कुणी गंभीर दखल घेतली नाही. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं की, आतड्याच्या पेशी साखर आत घेताना तिच्याबरोबर मिठातलं सोडियमही ओढून घेतात. त्याच्यामागे पाणी येतंच. पटकीच्या विषाने ही वाट बंद होत नाही. मग १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी बादलीतल्या मापाएवढं साखर-मीठ-सोड्याचं पाणी रोग्यांना पाजलं आणि शिरेतल्या सलाईनची गरज सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी केली.

पण हे सगळं रुग्णालयात, शिकलेल्या हातांनी आणि मोजमापाने झालेलं होतं. साध्या माणसांच्या हाती हे सोपवता येईल, असं मानायला तज्ज्ञ तयार नव्हते.

बनगाव, १९७१

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित जेसोर रोडने चालत बंगालमध्ये आले. सीमेलगतच्या बनगावात त्यांचा लोंढा थांबला. फाळणीपूर्वी बनगाव जेसोर जिल्ह्यातच होतं. १८१७ साली जिथून पटकी जगाच्या प्रवासाला निघाली, त्याच मुलखात ती पुन्हा उभी राहिली होती.

कलकत्त्याच्या जॉन्स हॉपकिन्स केंद्रात काम करणारे बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनवीस जूनमध्ये बनगावच्या रुग्णालयात पोचले. पटकीसाठी दोन खोल्या होत्या, खाटा सोळा. बाकीचे सगळे जमिनीवर. त्यांच्याच उलट्या-जुलाबांत पडलेल्या माणसांपर्यंत जाऊन शिरेत सुई घालायची, तर डॉक्टरांना त्या घाणीत गुडघे टेकावे लागत. सलाईन संपत आलं. शिकलेली माणसं बोटांवर मोजण्याएवढी. तेव्हा महालनवीसांनी ठरवलं की, तोंडाने पाजायचं आणि ते रोग्याच्या नातेवाइकांनीच पाजायचं.

कलकत्त्याच्या केंद्रात पाकिटं भरायला सुरुवात झाली. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. प्लास्टिकच्या पिशव्यांत तोलून भरायचं, गरम इस्त्रीने तोंड बंद करायचं. बनगावात ते तोटीच्या पिंपांत, पिण्याच्या पाण्यात मिसळलं जाई. आई, भाऊ, नवरा पेला घेऊन येई, तोटी सोडून भरून नेई आणि रोग्याला पाजत बसे. उलटी झाली तरी थोडं थांबून पुन्हा. ‘साखर-मिठाचं पाणी’ म्हटलं तर लोकांचा विश्वास बसेना, म्हणून त्याला ‘तोंडाने घ्यायचं सलाईन’ असं नाव दिलं गेलं. आठ आठवड्यांत ३,७०० हून अधिक रोग्यांवर उपचार झाले. अशा गर्दीत एरवी शंभरातले वीस-तीस मरत. इथे ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ स्वतः बनगावात येऊन हे पाहून गेले आणि त्यांनी ते जगापुढे ठामपणे मांडलं.

बनगावच्या पिंपाजवळ थोडं थांबून विचार करावासा वाटतो. त्या पिंपातल्या पाण्याचं माप रोग्यागणिक वेगळं नव्हतं. दोन वर्षांच्या पोराला आणि साठीच्या म्हाताऱ्याला एकच पाणी. पेला कुणी काठोकाठ भरे, कुणी अर्धा. कुणाला जास्त दिलं गेलं, कुणाला कमी. त्यात पोटॅशियम तर नव्हतंच. कुणाच्या रक्ताची तपासणी झाली नाही. तरीही हजारो माणसं उठून बसली. हे कसं झालं?

आतड्याने साखरेच्या हाताला धरून मीठ आणि पाणी आत आणलं, रक्त पुन्हा भरलं, आवळलेल्या वाहिन्या मोकळ्या झाल्या आणि मूत्रपिंडांना रक्त मिळालं. पुढचा बारीक हिशेब त्यांनी केला. ज्याला मीठ जास्त झालं त्याचं जास्तीचं लघवीतून काढून टाकलं, ज्याला सोडा कमी पडला त्याच्यासाठी कण न कण राखला आणि नवा घडवला, जिथे पोटॅशियम आटलं होतं तिथे ते जपून वापरलं. बाहेरून माणसांनी ओबडधोबड मापाने दिलं आणि आतून त्या दोन अवयवांनी काटेकोर मापाने जुळवलं. आपल्या भाषेत खाल्ल्या मिठाला जागणं ही इमानाची सर्वांत मोठी कसोटी मानतात. शरीरात ती कसोटी अक्षरशः रोज पार पाडणारं कुणी असेल, तर ती ही दोन मूत्रपिंडं. लीथची ती वृद्ध बाई गेली, कारण गेलेलं पाणी पुन्हा भरून द्यायला कुणी तिच्या उशाशी बसलं नव्हतं. बनगावात प्रत्येकाच्या उशाशी पेला घेतलेलं घरचं माणूस होतं.

पुढे पाकिटात पोटॅशियम क्लोराइड आलं. १९८० च्या दशकात सोड्याऐवजी सायट्रेट घालू लागले, कारण दमट हवेत सोडा असलेली भुकटी खराब होई, आणि सायट्रेटचा शरीरात सोडाच होतो. २००२ साली मिठाचं आणि साखरेचं प्रमाण कमी करून आजचं पाकीट ठरलं. शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध, अशा शब्दांत ‘लॅन्सेट’ने १९७८ सालीच या पाण्याचा गौरव केला होता. ओशॉनेसीने आपली नोंद पाठवली होती ती याच नियतकालिकाला. महालनवीस २०२२ च्या ऑक्टोबरात गेले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळालं.

मराठीत या पाकिटाला ‘जलसंजीवनी’ म्हणतात. अंगणवाडीत, उपकेंद्रात, आशाताईंच्या पिशवीत ते असतं. जुलाबांनी मलूल झालेलं मूल घेऊन आई दारात येते. ताई पोटाची कातडी चिमटीत धरून सोडून बघतात, डोळे बघतात, पाकीट लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळायला सांगतात आणि चमच्या-चमच्याने, न थकता पाजत राहायला सांगतात. संध्याकाळी त्या पुन्हा त्या घरावरून जातात. उंबऱ्याशी थांबून एकच गोष्ट विचारतात, आणि आईने हसून मान हलवली की निर्धास्त मनाने पुढच्या घराकडे वळतात:

‘काय गं, बाळाने शू केली का?’